पिशवी काढतात, तपासत नाहीत

काही वर्षांपूर्वी एका किरकोळ ऑपरेशनच्या आधी डॉक्टरांनी मला रक्ताच्या चार-पाच तपासण्या लिहून दिल्या होत्या. त्यात साखर होती, एचआयव्ही होती, कावीळ 'बी' होती आणि व्हीडीआरएल, म्हणजे गरमीची (सिफिलिसची) तपासणीही होती. तालुक्याच्या गावी स्टँडसमोरच्या लॅबमध्ये गेले. काउंटरवरच्या पोरानं चिठ्ठी वाचली, आवाज एकदम खाली आणला आणि विचारलं, "मॅडम, ही मिस्टरांची चिठ्ठी आहे का?" माझीच आहे म्हटल्यावर त्यानं एकदा चिठ्ठीकडे, एकदा माझ्याकडे, पुन्हा चिठ्ठीकडे पाहिलं आणि रक्त घेतलं. पाकिटावर नाव घातलं ते 'सौ.' लावून, नवऱ्याच्या नावासकट. दुसऱ्या दिवशी कॉलेज सुटून मी तिथं पोचायच्या आत रिपोर्ट माझ्या पुतण्याच्या हातात पडला होता. तो दुसऱ्याच कामानं तिकडून चालला होता. "घरचंच माणूस म्हणून दिला की, मॅडम."

रिपोर्टमध्ये काही नव्हतं. पण पुढचा आठवडाभर सासूबाई माझ्याशी नेहमीपेक्षा मऊ आवाजात बोलत होत्या आणि दीर बोलतच नव्हते. कुणी काही विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

मी कमावती बाई. पैसे माझे, रक्त माझं, रोग निघाला असता तर तोही माझाच. कागद तेवढा घराचा होता. तेव्हापासून बाईचं सक्षमीकरण मोजायचं माझं एक खासगी माप आहे. एखादी प्रौढ बाई, पोटात मूल नसताना आणि नवरा सोबत नसताना, कमरेखालच्या दुखण्याची तपासणी करून घेऊ शकते का, आणि तिचा कागद तिच्याच हातात पडतो का? महाराष्ट्राचं पहिलं महिला धोरण १९९४ मध्ये आलं. पंचायतींत निम्म्या जागा बायकांच्या झाल्या त्यालाही दशक उलटलं. बचत गट गल्लोगल्ली आहेत, आणि २०२४ पासून लाडक्या बहिणीचे दीड हजार रुपये खात्यावर पडायला लागले. यातल्या कशालाही मी नाक मुरडत नाही. स्वतःच्या नावाचं खातं उघडायला बँकेच्या उन्हातल्या रांगेत उभ्या असलेल्या बायका मी पाहिल्यात, त्यांचा तो ताठा मला आवडला. पण माझ्या मापानं मोजायला घेतलं, तर आमच्याकडच्या सरपंचबाईला तरी पास होता येईल की नाही, शंकाच आहे.

आधी शब्दांचं बघू, कारण अर्धी अडचण तिथंच आहे. 'गर्भाशय' आमच्याकडे पुस्तकात राहतं. बोलण्यात ती 'पिशवी'. पिशवीला सूज आली, पिशवी खाली आली, पिशवी खराब झाली, पिशवी काढली. पिशवी म्हटलं की ती रिकामी झाल्यावर काढून टाकायला काय हरकत, असं वाटणं आलंच. अर्धं ऑपरेशन शब्दातच उरकतं. आणि रोगाला शब्द आहे 'गुप्तरोग'. स्टँडच्या मुतारीवर, रुळांकडेच्या भिंतींवर तो फूटभर अक्षरांत रंगवलेला असतो, खाली तंबूतल्या कुणा वैद्याचा मोबाइल नंबर. सगळी जाहिरात पुरुषांच्या ताकदीची. बायकांचा रोग इतका गुप्त की त्याची बोगस जाहिरातसुद्धा कुणी करत नाही.

"माय, दोन वरसं झाली, अंगावरून पांढरं जायलंय. कंबर धरायलीय. डाक्टर म्हनले, पिशवी काढून टाका, नाईतर कॅन्सर व्हईल." बीड जिल्ह्यातल्या केज, धारूर, वडवणीकडच्या बायकांच्या तोंडून हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता मला त्यातल्या 'जायलंय' आणि 'काढून टाका' यांच्यामधली मोकळी जागाच आधी दिसते. त्या जागेत काय असायला पाहिजे होतं? सूक्ष्मदर्शकाखाली धरायची काचेची एक पट्टी.

अंगावरून पांढरं जाणं म्हणजे रोगच असं नाही. पाळीच्या चक्रात ठरावीक दिवसांत ते निसर्गानंच जातं. कधी ती बुरशी असते, तिला खाज येते. कधी योनीमधल्या नेहमीच्या जंतूंचा तोल बिघडलेला असतो, त्याला मासळीसारखा वास येतो. या दोन्ही गोष्टी नवऱ्याकडून 'आणलेल्या' असतातच असं नाही. कधी ट्रायकोमोनास नावाचा परजीवी असतो, तो मात्र संबंधातून येतो. कधी गर्भाशयाच्या मुखाला प्रमेह (गनोरिया) किंवा क्लॅमिडियाची लागण असते, तीही संबंधातूनच येते. आणि क्वचित, वय वाढलेल्या बाईत, तो गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा पहिला निरोपही असू शकतो. प्रत्येकाचं औषध वेगळं, प्रत्येकाचा अर्थ वेगळा. बुरशी, बिघडलेला तोल आणि ट्रायकोमोनास हे तीन प्रकार ओळखायला आम्लता दाखवणारा कागदाचा तुकडा, मिठाच्या पाण्याचा थेंब, पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब आणि सूक्ष्मदर्शक एवढं बहुतेक वेळा पुरतं. सूक्ष्मदर्शक प्राथमिक आरोग्य केंद्रात असतो. त्याखाली हिवतापाचं रक्त बघतात. त्याच भिंगाखाली बाईच्या अंगावरचं पाणी मात्र कुणी ठेवत नाही.

ठेवतात काय, तर बाईला सोनोग्राफीच्या टेबलावर. सोनोग्राफीत जंतू दिसत नाहीत. 'पिशवी जाड आहे', 'मुखाला सूज', 'छोटी गाठ' असं काहीतरी दिसतं, जे चाळिशीकडे झुकलेल्या कितीतरी निरोगी बायकांतही दिसेल. बाईजवळ एक कॅरीबॅग असते. तिच्यात पाच सोनोग्राफ्या, दोन रक्ताचे रिपोर्ट, सलाइनची बिलं. मी अशा कॅरीबॅगा उपसून पाहिल्यात. पट्टीवरच्या तपासणीचा कागद मला एकीतही सापडला नाही.

पुढचं सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे, निदान २०१९ मध्ये माहीत झालं होतं. बीड जिल्ह्यातल्या खासगी दवाखान्यांत तीन वर्षांत ४,६०५ बायकांच्या पिशव्या काढल्याचं त्या जूनमध्ये विधान परिषदेत सांगितलं गेलं. मग नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. ऊसतोडीला जाणाऱ्या ८२,३०९ बायकांची पाहणी झाली, त्यातल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. म्हणजे दर सहा जणींत एक. त्याच सुमाराच्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, १५ ते ४९ वयाच्या बायकांत, देशाचा आकडा ३.३ टक्के आहे. दोन्हींतले वयोगट तंतोतंत जुळत नाहीत हे खरं, पण फरक काही त्यानं झाकत नाही.

त्या वेळी चर्चा झाली ती टोळी नेणाऱ्या मुकादमाची, त्यानं आगाऊ दिलेल्या उचलीची, खाड्याची. पाळीत चार दिवस फडात जाता आलं नाही तर खाडा पडतो, कोयत्याला, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीला, दिवसाला पाचशे रुपये कापले जातात, म्हणून बायका पाळीच नको म्हणतात. हे बरोबरच आहे. कोपीत (झोपडीत) ना संडास, ना पाणी, पहाटे तीनला उठून ट्रॅक्टर भरायचा, त्यात कापड बदलायचं कुठं? डॉक्टरांच्या लोभाचीही चर्चा झाली, तीही रास्त. माझं म्हणणं इतकंच की या साखळीची पहिली कडी पाळी नव्हती, न तपासलेलं पांढरं पाणी होतं. बाई दवाखान्यात पाळी थांबवायला गेली नव्हती. ती अंगावरून जातंय म्हणून गेली होती. तिथं कुणी पट्टी पाहिली असती आणि सांगितलं असतं, 'बाई, ही बुरशी आहे, ह्या गोळ्या घे', तर कॅन्सरची भीती घालायला जागाच उरली नसती. भीती विकायची असेल तर गिऱ्हाईक अंधारात लागतं.

मग सरकारनं काय केलं? बीडमध्ये पिशवी काढायची तर जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घ्यायची असा नियम केला. चांगला आहे नियम, मी त्याच्या बाजूनं आहे. पण शेवटच्या दारावर राखणदार बसवला आणि पहिलं दार बंदच राहिलं. परवानगी नाकारली गेली तर ती बाई जाते कुठं? तिचं अंगावरचं जाणं काही परवानगीवाचून थांबलेलं नसतं. ती शेजारच्या जिल्ह्यात जाते.

मराठवाड्यातल्या बाईला तपासणी मिळतच नाही असंही नाही. २०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलग्यांमागे ८०७ मुली होत्या. म्हणजे ज्या तपासणीचा घराला उपयोग होता ती तालुक्या-तालुक्यात पोचली होती, रात्रीबेरात्री, गाडीत बसवून, हजारो रुपये मोजून. 'पोटात काय आहे ते बघून घेऊ' म्हणायला कुणाची जीभ अडखळली नाही. पोटवालीला काय झालंय ते बघून घ्यायचं म्हटलं की मात्र अडचणी सुरू होतात: लांब आहे, डॉक्टर पुरुष आहे, सुगी आहे, लोक काय म्हणतील.

सरकारचीही नजर फार वेगळी नाही, हे म्हणताना मला वाईट वाटतं, कारण सरकारी दवाखान्यातल्या सिस्टरइतकं बायकांसाठी कुणी राबत नाही. गरोदर बाईची एचआयव्ही, गरमी, कावीळ 'बी' अशी सगळी तपासणी फुकट होते. दर महिन्याच्या ९ तारखेला २०१६ पासून मातृत्व अभियानाचा दिवस असतो. हे मोठंच काम आहे. त्यामुळे बाळाला होणारी लागण टळते, गरमीमुळे पोटातच दगावणारी बाळं वाचतात. पण नीट बघा, ही तपासणी कुणाची? बाळाच्या वाटेवर बाई उभी आहे म्हणून तिची. आमच्याकडे पोरीचं लग्न सतरा-अठराला, बावीस-तेविसाव्या वर्षी दोन-तीन लेकरं, आणि लगेच कुटुंब नियोजनाचं ऑपरेशन. ते झालं की तिचं नाव नर्सबाईच्या रजिस्टरमधून जवळपास पुसलं जातं. पुढची वीस-पंचवीस वर्षं, जेव्हा अंगावरून जातं, ओटीपोट दुखतं, संबंधाच्या वेळी कळ येते, तेव्हा ती कुणाचीच 'केस' नसते. लसीकरणाच्या दिवशी आलीच तर लेकराला घेऊन येते.

हे काही आज समजलेलं नाही. राणी आणि अभय बंग यांनी गडचिरोलीच्या दोन गावांतल्या ६५० बायका तपासल्या आणि १९८९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापलं की ९२ टक्के बायकांना कसला ना कसला स्त्रीरोग होता, आणि आधी कधी आतून तपासणी झालेल्या बायका आठ टक्केही नव्हत्या. त्यातल्या कितीतरी जणींची काही तक्रारच नव्हती. लक्षणांवर अवलंबून राहणाऱ्या पद्धतीची गोची इथंच आहे. क्लॅमिडिया आणि प्रमेह बहुतेक बायकांत मुकाट असतात. आतल्या आत नळ्यांना सूज आणतात, आणि पाच वर्षांनी 'मूल होत नाही' म्हणून तीच बाई माहेरी धाडली जाते.

आपल्या सरकारी पद्धतीत लक्षण ऐकून रंगीत पाकीट द्यायचं असतं. करडं, हिरवं, पांढरं, निळं, तांबडं, पिवळं, काळं, अशी सात. अंगावरून जातं म्हटलं की हिरवं. ज्या काळात लॅबच नव्हत्या त्या काळासाठी ही शहाणपणाची सोय होती, तिला नावं ठेवणं सोपं आहे. पण तिचे दोन घोटाळे होतात. जिला लक्षण नाही तिला पाकीट नाही. आणि जिला रोग नाही तिलाही पाकीट मिळतं, वर 'नवऱ्यालाही औषध द्या' म्हटलं की घरात जी नजर फिरते ती सगळी तिच्यावर. तपासणीचं पहिलं काम रोग पकडणं आहे असं आपण धरून चालतो. आमच्या भागात तिचं त्याहून मोठं काम कितीतरी बायकांना संशयातून सोडवणं हे असेल. 'हे कुणाकडून आलेलं नाही' असं लिहिलेला एक कागद काय करू शकतो, ते मी एका बाईच्या चेहऱ्यावर पाहिलंय. सहा महिने ती नवऱ्याशी भांडत होती आणि निघाली होती बुरशी.

हे तंत्र परदेशातलं, आपल्याला झेपायचं नाही, असं कुणी म्हणालं की मी त्याला धाराशिवला जायला सांगते. गर्भाशयमुखाच्या कर्करोगामागे असलेल्या एचपीव्ही विषाणूची एकच तपासणी, आयुष्यात एकदाच केली तरी मृत्यू जवळपास निम्म्यानं घटतात, हे जगाला कळलं ते तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातून. १९९९ मध्ये काम सुरू झालं. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायका, ५२ गावगट, बार्शीचं नर्गिस दत्त स्मारक कर्करुग्णालय आणि मुंबईचं टाटा मेमोरियल. गावगटांचे चार भाग केले होते: एकात एचपीव्हीची तपासणी, एकात पेशींची, एकात गर्भाशयमुखाला पातळ व्हिनेगर लावून डोळ्यांनी पाहायची, आणि चौथ्यात काहीच नाही, फक्त माहिती. आठ वर्षांनी हिशोब झाला. चौथ्या गटात या कर्करोगानं ६४ बायका गेल्या, एचपीव्ही गटात ३४. दोन्ही गट साधारण सारखे, तीस हजारांच्या पुढचे. २००९ मध्ये हे 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आलं, आणि आज जागतिक आरोग्य संघटना एचपीव्हीच्या तपासणीलाच पहिली पसंती देते.

त्या चौथ्या गटावरून पुढे वाद झाला, व्हायलाच हवा होता. तीस हजारांवर बायका तपासणीवाचून ठेवून काढलेलं उत्तर आहे ते. मला जास्त बोचतं ते दुसरंच. ज्या बायकांच्या अंगावर हे सिद्ध झालं त्यांच्या लेकी-सुनांना ती तपासणी सरकारी केंद्रात आजही सहज मिळत नाही. सरकारी कार्यक्रमात आहे ती व्हिनेगरची. ती वाईट नाही. मुंबईच्या वस्त्यांत टाटानं ती दर दोन वर्षांनी नेटानं केली तेव्हा मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. पण ती दर दोन वर्षांनी आणि नेटानं करावी लागते. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय पाहणीत, ३० ते ४९ वयाच्या भारतीय बायकांपैकी गर्भाशयमुखाची तपासणी एकदा तरी झालेल्या होत्या १.९ टक्के.

एचपीव्हीसाठी तर आता डॉक्टरसमोर पाय पसरायचीही गरज नाही. कापसाची काडी घ्यायची, संडासात जायचं, स्वतःच आतून फिरवून नळीत टाकायची. क्लॅमिडिया आणि प्रमेहासाठीही अशी स्वतः घेतलेली काडी चालते. जागतिक आरोग्य संघटनेनं तसं २०१९ मध्येच सांगितलंय. आणि ज्या यंत्रावर ही काडी तपासता येते, तसलं यंत्र क्षयरोगाच्या थुंकीसाठी आपल्या जिल्ह्यांत येऊन बसलेलंच आहे. आत घालायची डबी तेवढी वेगळी लागते. डबी महाग आहे, कबूल. पिशवीच्या ऑपरेशनसाठी मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायला एक कोयता आणखी एक हंगाम ऊस तोडतो, ते मात्र कुणाच्या अंदाजपत्रकात दिसत नाही.

पोरींचा विषय यापेक्षा अवघड आहे. त्याच राष्ट्रीय पाहणीत परभणी जिल्ह्यात २० ते २४ वयाच्या ४८ टक्के बायकांचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं, बीडमध्ये ४३.७ टक्के, राज्याचा आकडा २१.९. सोळा वर्षांची लग्न झालेली पोर अंगावरून जातंय म्हणून दवाखान्यात गेली, तर बालकांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या २०१२ च्या पोक्सो कायद्यानं डॉक्टरवर पोलिसांना कळवायची सक्ती आहे. २०१७ पासून नवऱ्याला 'लग्नाची बायको आहे' ही पळवाटही उरलेली नाही. दोन्ही गोष्टी मला मान्य आहेत; बालविवाह मोडायचा तर दात असलेला कायदा हवा. पण परिणाम असा की घरचे तिला दवाखान्याच्या वाऱ्यालाही उभं करत नाहीत. मेडिकलवरून गोळ्या येतात, किंवा वय एकोणीस सांगितलं जातं. गर्भपातासाठी आलेल्या अल्पवयीन मुलीचं नाव पोलिसांना उघड करायची डॉक्टरला गरज नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं सप्टेंबर २०२२ मध्ये म्हटलं. तीच मुभा साध्या तपासणीला का नसावी? ज्या पोरीला वाचवायला कायदा केला, तीच त्याच्या भीतीनं घरात सडत असेल, तर तपासणीपुरती एक खिडकी उघडी ठेवायला हवी. या मुद्द्यावर माझ्याशी भांडणारे वकील मित्र आहेत. भांडोत.

तपासणी वाढली तर घरं मोडतील, हा आक्षेप मी थट्टेवारी नेणार नाही. तो अनुभवातून येतो. गरोदरपणात बाईची एचआयव्ही तपासणी आधी होते, म्हणून दोषही आधी तिच्याच नावावर लागतो: 'हिनंच आणलं.' नवरा ट्रकवर असो की पुण्याला बांधकामावर, त्याची तपासणी व्हायला वर्ष जातं. तोवर ती घराबाहेर असते. २०१७ च्या एचआयव्ही कायद्यानं संमती आणि गोपनीयता दोन्ही दिल्यात, पण कायद्याला आमच्या दवाखान्यांतल्या मोकळ्या दारांची, एकाच टेबलाची आणि ओळखीच्या शिपायाची कल्पना नसावी. म्हणून नुसती तपासणी वाढवा असं मी म्हणत नाही. नवऱ्याची तपासणी त्याच दिवशी, त्याच चिठ्ठीवर मागायची पद्धत पाडा. त्याला बोलवायचा की नाही हे मात्र बाई ठरवेल, दवाखाना नाही. प्रौढ बाईच्या तपासणीला नवऱ्याची सही लागते असं कुठल्याही कायद्यात नाही. ती लागते ती आपल्या काउंटरवर.

दुसरा आक्षेप माझाच, शिबिरांबद्दल. मंडप, फ्लेक्स, फ्लेक्सवर साहेब, एका दिवसात बाराशे बायका, दुपारी मसालेभात. रिपोर्ट कुणाला, कधी, पुढे काय, याचा पत्ता नाही. शिबिरात बाई 'लाभार्थी' असते, रुग्ण नसते. आशाताईच्या घरोघरच्या फॉर्मचंही तेच. पाळी नसताना रक्त जातं का, संबंधानंतर जातं का, घाण वासाचं पाणी जातं का, हे प्रश्न त्यात आहेत आणि फार चांगले आहेत. पण ते विचारले जातात ओसरीवर, सासू गहू निवडत बसलेली असताना. बाई म्हणते 'नाई बया', आशाताई 'नाही'वर खूण करते. बिचारीला अजून चाळीस घरं उरकायची असतात.

मला हवंय ते फार किरकोळ आहे. बाजाराच्या दिवशी आरोग्य केंद्रात दुपारी दोन तास, दर आठवड्याला, न चुकता, बाई सिस्टर आणि दाराला कडी. बाजाराचाच दिवस का, तर त्या दिवशी बाईला घराबाहेर पडायला कारण सांगावं लागत नाही. सूक्ष्मदर्शक तोच, हिवतापाचा. बोटाच्या थेंबावर एचआयव्ही आणि गरमी दोन्ही सांगणारी पट्टी आता आहेच. ती पोट पाहून न देता मागेल तिला द्यावी. ऊसतोडीच्या बायकांचा कागद बीडमध्ये न अडकता कोल्हापूर-सांगलीच्या कारखान्यावर पोचावा, कारण सहा महिने त्यांचं गाव तिथं असतं. आणि मोबाइल नंबर. हा सगळ्यात साधा आणि सगळ्यात दुर्लक्षित मुद्दा. नोंदणीत नंबर नवऱ्याचा नाहीतर मोठ्या पोराचा असतो, आणि रिपोर्टचा मेसेज तिकडे जातो. म्हणजे माझा पुतण्या आता यंत्रातच बसवलाय.

गावातल्या बायकांना हे शिकवता येत नाही असं म्हणणाऱ्यांनी तुळजापूर तालुक्यातल्या अणदूरला जावं. तिथं हॅलो मेडिकल फाउंडेशननं गावातल्याच बायकांना 'भारतवैद्य' म्हणून कितीतरी वर्षांपूर्वी तयार केलं. बीडला लागून असलेल्या जामखेडला आरोळे दांपत्यानं १९७० मध्ये काम मांडलं आणि तेच केलं, शाळेचं तोंड न पाहिलेल्या बायका घेऊन.

गेल्या दसऱ्याच्या पुढं-मागं एका गावात ऊसतोडीला निघणाऱ्या बायकांची तपासणी होती, ओळखीच्या सिस्टरनं बोलावलं म्हणून गेले. शाळेच्या व्हरांड्यात तीन टेबलं. एकावर वजन, एकावर बोटातलं रक्त, एकावर लोहाच्या तांबड्या गोळ्या. तिशीतली एक बाई, काखेत लेकरू, तिन्ही टेबलं करून पुन्हा पहिल्यापाशी आली आणि हळूच म्हणाली, "आतली तपासणी कुठं हाय, माय?" सिस्टरनं बंद वर्गखोलीकडे बोट केलं. खोली होती, टेबल होतं, बॅटरी होती, सिस्टर स्वतः होती. खिडकीला पडदा नव्हता आणि खिडकीत पोरं. पडदा आणायला शिपाई तालुक्याला गेला होता. बाई पायरीवर बसून राहिली. ट्रॅक्टर बाराला निघायचा होता. बाराला निघाला.